घासागणिक टक

रतनबाईच्या उजव्या कानात पहिल्यांदा टक असा आवाज झाला, तेव्हा ती सुनेसमोर बसून खोटं बोलत होती.

खोटं तसं साधंच होतं. पुनमनं विचारलं, "आत्या, हे सकाळपासनं कुठं गेलेत? फोन पण उचलत न्हाईत." रतनबाई म्हणाली, "कंपनीत. ओव्हरटाइम लागलाय." एवढं बोलून तिनं भाकरीचा तुकडा तोंडात घातला, चावला, आणि कानाच्या आत कुणीतरी दाराची कडी सरकवावी तसं टक झालं. तिनं चावायचं थांबवलं. आवाजही थांबला. पुन्हा चावलं, पुन्हा टक.

पुनमचा नवरा रविराज त्या वेळी कंपनीत नव्हता. तो आंदर मावळात सासऱ्याच्या चितेपाशी उभा होता.

किसनराव, म्हणजे पुनमचे वडील, त्या दिवशी सकाळी भाताच्या खाचरातलं पाणी बघायला गेले आणि बांधावरच आडवे झाले. कुणाला हाक मारायचीही उसंत मिळाली नाही. बातमी रविराजच्या फोनवर आली तेव्हा पुनम न्हाणीत होती. तिची अंघोळ होईपर्यंत इकडं पडवीत सगळं ठरूनसुद्धा गेलं. ठरवणारे होते रतनबाईचे थोरले दीर, बबनराव. खालुंब्र्यातल्या जमिनी कंपन्यांना गेल्या तेव्हापासून बबनरावांना हाताला काम उरलं नव्हतं, म्हणून ते सगळ्या भावकीचं काय करायचं ते ठरवत असत.

"पोरीला सातवा लागलाय," बबनराव म्हणाले. "आधीची दोन पोटातच गेली. ह्या खेपेला बीपी हाय. डॉक्टरनं सांगितलंय, धक्का बसता कामा न्हाई. बाळंत होऊन मोकळी होईस्तवर कुणी ब्र काढायचा न्हाई."

रतनबाईच्या नवऱ्यानं, तात्याबानं, मान डोलावली. थोरल्या भावासमोर तात्याबाची मान वरखालीच हलायची, आडवी हलल्याचं कुणाला आठवत नाही. रविराज भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मग बबनराव रतनबाईकडं वळले. "विहीणबाईंना तुमी फोन करा. बायकांचं बायकांनी बोललेलं बरं."

रतनबाईनं गोठ्यामागं जाऊन फोन केला. पलीकडं शालनबाई, पुनमची आई, ऊर फुटेस्तोवर रडत होती. "माझ्या पुनीला आणा," एवढंच तिचं चाललं होतं. "तिला बापाचं तोंड तरी दाखवा." रतनबाईनं तिची समजूत घातली. पोटातल्या जिवाची आण घातली. वर असंही म्हणाली, की पोरीला काय झालं तर जल्मभर बोल तुमालाच लागंल. हे शेवटचं वाक्य बबनरावांनी पढवलेलं नव्हतं, ते तिचं स्वतःचं होतं. शालनबाईचं रडणं मध्येच थांबलं. मग ती म्हणाली, "बरं."

दिवस मावळताना तात्याबा आणि रविराज परत आले. मयताला जाऊन आलेला माणूस घरी आल्यावर दारातच अंघोळ करतो, पण दारात अंघोळ केली तर पुनमला कळलं असतं. म्हणून दोघं शेतातल्या बोअरवर न्हाले आणि कोरडे कपडे घालून, केस विंचरून घरात शिरले. रविराज बायकोला म्हणाला, "लई दमलोय," आणि पालथा पडला. दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीत सांगून शिफ्ट बदलून घेतली, म्हणजे पुनम जागी असताना घरात थांबायला नको. तात्याबा पारावर जाऊन बसायला लागला. बबनराव तर आपल्या घरीच होते. बाप्यांचं हे बरं असतं. ते ठरवतात आणि बाहेर पडतात. निभवायला घरात राहिली एकटी रतनबाई.

लेकीला बापाचं सुतक तीन दिवसांचं. रतनबाईनं तीन दिवस पुनमला देव्हाऱ्याकडं फिरकू दिलं नाही. "वाकू नगंस, डॉक्टरनं सांगितलंय." तिला गोडाधोडाचं दिलं नाही, डॉक्टरनं सांगितलंय. डॉक्टरच्या नावावर त्या घरात इतकं काही खपलं, की ती डॉक्टरीणबाई ऐकती तर चाट पडली असती.

सगळ्यात अवघड होती ती संध्याकाळ. पुनम रोज संध्याकाळी वडिलांशी फोनवर बोलायची. बापलेकीचं बोलणं म्हणजे काय, म्हैस किती दूध देते, खाचरात खेकडे फार झालेत, असलंच. तरी त्याशिवाय दोघांनाही घास गोड लागत नसे. आता फोनवर फक्त शालनबाई यायची. आप्पांचा घसा धरलाय, डॉक्टरनं महिनाभर बोलायला मनाई केलीय, असं तिनं सांगितलं. ही युक्ती पुनमच्या भावाची, प्रज्वलची.

पुनम म्हणाली, "बोलू नकोत, पण ऐकायला तर येतंय ना? त्यांच्या कानाला लाव फोन."

मग शालनबाई म्हणाली, "लावला बघ."

"आप्पा, तुमी बोलू नका, नुसतं ऐका," पुनम म्हणाली, आणि मग ती बोलत राहिली. बाळ कसं लाथा मारतंय, आत्यांनी मेथीची भाजी कशी केली होती, कंपनीतून सुटलेल्या गाड्यांनी रस्ता कसा तुंबतो. रतनबाई समोर बसून पावटे सोलत होती. तिकडं ती बाई कुंकू पुसलेल्या कपाळानं, रिकाम्या घरात, फोन हातात धरून उभी असेल, हे तिला दिसत होतं. तिनं दातावर दात दाबून धरले. इतके, की कानशिलं दुखायला लागली. दात सुटले असते तर तोंडातून काहीतरी बाहेर पडलं असतं आणि सगळ्यावर पाणी फिरलं असतं. रोज संध्याकाळी तो फोन व्हायचा आणि रोज संध्याकाळी रतनबाई तशीच दात आवळून बसायची. त्यालाच तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. मारणारे आणि दाबणारे हात दोन्ही तिचेच होते, एवढाच फरक.

कानातली टक वाढत गेली. आधी भाकरी चावताना व्हायची, मग भातालाही व्हायला लागली, मग जांभई दिली तरी. शेजारणीनं लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडायला सांगितलं. एकीनं कानात किडा गेला असेल म्हणून मिठाचं पाणी सुचवलं. तात्याबा थट्टेनं म्हणाला, "सगळ्या गावात कंपन्या झाल्या, तुझा कान तेवढा राहिला होता. आता तिथंबी पत्रा ठोकायचा प्रेस बसवला वाटतं." एरवी रतनबाईनं त्याला तिथल्या तिथं सुनावलं असतं. त्या दिवशी ती उठून चुलीकडं गेली, आणि तात्याबाचंही हसू मग ओठातच राहिलं.

डोहाळजेवण आधीच ठरलेलं होतं. किसनरावांना जाऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. रतनबाई बबनरावांना म्हणाली, की भाऊजी, एवढं तरी राहू द्या. बबनराव म्हणाले, "सगळ्या गावाला सांगून झालंय. आता रद्द केलं तर पोरीला वास लागंल. झाकली मूठ सव्वा लाखाची." मग डोहाळजेवण झालं. पुनमला हिरवी साडी नेसवली, फुलांच्या वाड्या घातल्या, झोपाळ्यावर बसवलं. माहेरहून कुणी आलं नाही. शालनबाई येणार कशी, त्या कपाळानं? प्रज्वलनं डोकं भादरलेलं, त्यालाही तोंड दाखवता येईना. आप्पांच्या दुखण्यामुळं दोघं अडकलीत, असं सांगितलं. माहेरचा म्हणून फक्त तांदूळ आला. किसनरावांनी लेकीच्या डोहाळजेवणाला म्हणून गेल्या सालचा इंद्रायणी तांदूळ राखून ठेवला होता. तो रविराज एकटाच जाऊन घेऊन आला.

त्या तांदळाचा भात झाला. घरभर वास सुटला. बायका गाणी म्हणत होत्या आणि पुनम झोपाळ्यावर बसून तो भात खात होती. सावकाश, एकही शीत खाली न सांडता खात होती. "आमच्या आप्पांच्या हातचा आहे," ती शेजारणीला म्हणाली. रतनबाईनंही घास घेतला. टक. दुसरा घेतला. टक. तिला वाटलं, हा आवाज सगळ्या पंगतीला ऐकू जातोय.

कुणाला गेला नाही, पण पुनमला गेला. बायका पांगल्यावर ती जवळ येऊन बसली आणि तिनं सासूच्या कानापुढं हात ठेवला. "आत्या, तोंड उघडा बघू." रतनबाईनं उघडलं. "अगंबाई, बाहेर पण ऐकू येतंय की. दुखतं का?"

"न्हाई गं. वयाचं असंल."

"मी परवा तपासायला पिंपरीला जाणार आहे ना, तिथंच कानाच्या डॉक्टरला दाखवू. मी तुमचं काय ऐकायची न्हाई."

सून सासूची काळजी घेते, हे बघून एखादीला अभिमान वाटला असता. रतनबाईला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात आधी पुनमचा नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी बीपी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मागच्या वेळेपेक्षा वाढलंय. गोळ्या घेतेस ना वेळेवर? घरात काही ताण?"

"न्हाई," पुनम म्हणाली. "घरात सगळे लई जपतात मला."

रतनबाईनं खाली बघितलं. ज्या बीपीपायी एवढं सगळं केलं, ते वाढायचं तसं वाढलंच होतं.

कान-नाक-घशाची डॉक्टर तरुण होती, बोलायला मोकळी. तिनं नळी घालून दोन्ही कान बघितले. "कानात काहीच नाही, मावशी. पडदा चांगला आहे, मळसुद्धा नाही. आवाज कानातून येतच नाहीये."

"मंग कुठनं येतोय?"

डॉक्टरनं रतनबाईचं बोट धरून तिच्याच कानापुढं टेकवलं. "आता तोंड उघडा, मिटा. काय हलतंय बोटाखाली? हा जबड्याचा सांधा. दोन हाडांच्या मध्ये एक छोटी चकती असते, गादीसारखी. तुमची ती गादी जागेवरनं सरकते. तोंड उघडलं की परत जागेवर येते आणि येताना टक करते. कान बिचारा शेजारी राहतो ना, म्हणून त्याला ऐकावं लागतं. शेजाऱ्याच्या घरात भांडण झालं की आपल्या भिंतीतून ऐकू येतं, तसं."

"आवंढा गिळला की पण कायतरी कुरकुरतं."

"ते सगळ्यांनाच होतं. नाकाच्या मागून कानापर्यंत एक बारीक नळी आहे, एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना ती उघडते आणि हवा जाते. घाटात कान बंद होतात आणि गिळलं की सुटतात ना, तीच नळी. तिची काळजी नको. काळजी ह्या टकेची." तिनं रतनबाईच्या गालावर दोन बोटं दाबली. रतनबाई कळवळली. "किती कडक झालेत हे स्नायू. मावशी, तुम्ही दात खाता का? झोपेत?"

रतनबाई काही बोलायच्या आत पुनम म्हणाली, "झोपेत खातात आणि जागेपणी पण. मी फोनवर बोलायला लागले की ह्यांचं इथलं असं फुगतं."

"कधीपासून?"

"आमच्या आप्पांचा घसा धरला तेव्हापासून," पुनम म्हणाली.

रतनबाईनं सुनेकडं बघितलं. पुनम शांतपणे डॉक्टरकडं बघत होती.

डॉक्टरला ह्यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. तिनं गरम कपड्यानं शेकायला सांगितलं, मऊ खायला सांगितलं, दोन्ही बाजूंनी चावायला सांगितलं. "आणि एक लक्षात ठेवा. ओठ मिटलेले असू देत, पण दात सुटे ठेवायचे. जेवताना सोडलं तर वरचे दात खालच्या दातांना टेकायचं कारणच नाही. मनात काही असेल तर ते बोलून टाकत जा. दातांत धरून ठेवलं की सांधा झिजतो."

बाहेर आल्यावर पुनम म्हणाली, "भूक लागलीय. कॅम्पातलं दाल-पकवान खाऊ." रतनबाई नको म्हणणार होती, पण पोटुशीला नाही कसं म्हणायचं? दोघी रिक्षानं पिंपरी कॅम्पात गेल्या आणि एका सिंधी दुकानात कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या. पकवान कुरकुरीत, पुरीपेक्षा मोठं आणि कडक. पुनमनं सासूच्या ताटलीतलं पकवान घेतलं, बारीक मोडलं, डाळीत बुडवलं आणि मऊ होईपर्यंत थांबली. मग ताटली पुढं सरकवली. "आता खा. टक व्हायची न्हाई."

रतनबाईनं घास उचलला आणि तो तिच्या हातातच राहिला. ह्या पोरीला बापाचं तोंड बघू दिलं नाही, आणि ही माझ्यासाठी पकवान मऊ करतेय, असं तिच्या मनात आलं. बबनराव, तात्याबा, डॉक्टरीण, बीपी, सगळं तिला एकदम फार लांबचं वाटलं.

"पुनम," ती म्हणाली. "बाई, तुझे आप्पा..."

तिनं घास परत ताटलीत ठेवला.

"मला माहितीये, आत्या," पुनम म्हणाली.

दुकानात गर्दी होती. कुणीतरी जिलबीसाठी ओरडत होतं. रतनबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"पहिल्यांदा आई म्हणाली ना, आप्पांच्या कानाला फोन लावला म्हणून, तेव्हाच कळलं," पुनम हळू आवाजात सांगत होती, मान खाली, बोट ताटलीच्या कडेवरून फिरवत. "माझ्या आईच्या हातात ढीगभर काचेच्या बांगड्या असायच्या. फोन ह्या हातातनं त्या हातात घेतला तरी किणकिण व्हायची. आप्पा चिडायचे, तुझ्या बांगड्यांपायी लेकीचा शब्द ऐकू येत न्हाई म्हणून. त्या दिवशी एक पण वाजली न्हाई. गावात पंचायतीचा ठराव झालाय म्हणं, नवरा गेला तरी बाईच्या बांगड्या फोडायच्या न्हाईत. तरी फोडल्या असणार. घरातल्या म्हाताऱ्या कुठं ठराव वाचतात."

"मंग तू... रोज बोलायचीस ती?"

"आईला कळू नये म्हणून. तिला वाटावं मला माहीत न्हाई. ती माझ्यासाठी हसत होती, आत्या. आप्पा गेले आणि ती रोज फोनवर हसत होती माझ्यासाठी. मी गप्प बसले असते तर तिचा धीर सुटला असता." पुनमचा आवाज आता थोडा हलला. "आणि मला वाटायचं, कुणीतरी एक जण सांगंल. हे सांगतील वाटलं होतं, पण हे तर घरातच थांबंनात. मग वाटलं, तुमी सांगाल. रोज जेवताना तुमच्या तोंडाकडं बघायचे. ती टक वाजली की वाटायचं, आता बोलतील. डोहाळजेवणाच्या दिवशी तर मला वाटलंच होतं."

रतनबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायचं तिला सुचलं नाही. "मी पापीण हाय बाई. तुझी आई म्हणत होती, पुनीला आणा. मीच न्हाई म्हणले. तिला मीच गप्प केलं."

पुनमला राग आला होता, आणि तो तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. रतनबाईनं तो खाली मान घालून सोसला. सोसण्याजोगंच होतं ते.

"आप्पांचं काय आता," शेवटी पुनम म्हणाली. "ते गेलं ते गेलंच. पण आई कुणाजवळ रडली असंल? प्रज्वल बाप्या माणूस. शेजारपाजार चार दिवस येतो. लेक मी एकटीच. मला पोचवा तिच्याकडं."

रतनबाई उठली. तिनं घरी फोन केला नाही, बबनरावांना विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं काहीतरी स्वतःच ठरवलं, आणि तेही उशिरा. दोघी पिंपरी स्टेशनला आल्या, लोणावळ्याकडं जाणारी लोकल धरली. भर दुपारची गाडी, डबा जवळजवळ मोकळा होता. पुनम खिडकीशी बसली, रतनबाई तिच्या पाठीशी हात ठेवून.

तळेगाव गेल्यावर पुनमनं विचारलं, "आप्पांचं तोंड कसं दिसत होतं?"

"मी न्हाई गं गेले. तुझ्याजवळ थांबले होते."

"मग कुणाला विचारू?"

"रवी व्हता."

"त्यांना विचारीन," पुनम म्हणाली आणि बाहेर बघत राहिली. ह्या प्रश्नाच्या भीतीनंच आपला पोरगा शिफ्ट बदलून हिंडतोय, हे रतनबाईला तेव्हा उमगलं.

वडगावला उतरून त्यांनी जीप केली. ड्रायव्हरला रतनबाईनं दहादा सांगितलं, खड्डे बघून चालव बाबा. खाचरं हिरवीगार होती, भात पोटरीला आला होता. पुनमनं कुठल्याही बांधाकडं बघितलं नाही.

जीपचा आवाज ऐकून शालनबाई दारात आली. डोक्यावरचा पदर भुवयांपर्यंत ओढलेला, दोन्ही हात पदराआड. लेकीला बघताच तिच्या तोंडावर हसू आलं. इतक्या दिवसांत त्या हसण्याची तिला सवय झाली होती.

"अगं पुने, अशी कशी आलीस ह्या असल्या दिवसांत?" ती म्हणाली. "चुकामूक झाली बघ. आप्पा आत्ताच रानात गेले. घसा बरा हाय आता त्यांचा. येतील एवढ्यात. तू बस, उन्हातनं आलीयस."

तिला कुणी काही विचारलं नव्हतं, तरी ती बोलतच राहिली. येताना खेकडे आणतो म्हणालेत, तुला आवडतात म्हणून. म्हैस आटलीय. पाणी देऊ का? बोलताना ती हसत होती आणि तिची हनुवटी थरथरत होती.

पुनम पायरी चढून आईच्या समोर उभी राहिली. "आई, मी आप्पांसाठी न्हाई आले," ती म्हणाली. "तुझ्याजवळ रडायला आले."

शालनबाईचं हसू तसंच राहिलं. तिनं पुनमकडं बघितलं नाही. तिनं लेकीच्या खांद्यावरून रतनबाईकडं बघितलं, आणि रडू का, अशी परवानगी मागावी तसं बघत राहिली.

रतनबाईनं कशीबशी मान हलवली.

मग त्या घरातून जे रडणं उठलं ते ऐकून वरच्या आळीतली माणसंसुद्धा धावत आली. मायलेकी उंबऱ्यातच एकमेकींना धरून बसल्या होत्या. रतनबाई अंगणाच्या कडेला, जीपमधून उतरली होती तिथंच, मातीत बसून राहिली. घशाला कोरड पडली होती, पण त्या दारात जाऊन घोटभर पाणी मागायची तिला लाज वाटली.